अस्वल आणि सायकलची चावी

धावताना अस्वलाला घाम येतो की नाही, ते मला ठाऊक नाही. अस्वलाच्या आतल्या माणसाला येतो. आणि तो माणूस सत्तरी उलटलेला, आदल्या दिवशी चिंबोऱ्यांचं कालवण वाटीने प्यालेला आणि कोणाचं न ऐकणारा असला, तर इतका येतो की भाताचे दोन वाफे भिजावेत. तो माणूस अर्थात मीच.

सुरुवात झाली सायकलीपासून. माझी सायकल माझ्या संतोषपेक्षा थोरली आहे. (संतोष म्हणजे माझा मुलगा. त्याला ही तुलना आवडत नाही.) रोज सकाळी मी विचुंब्याहून नदीच्या पुलापर्यंत सायकलीने जायचो. माझ्या वयाचे जे कोण उरलेत ते तिथे बसतात. कोणाच्या भाताच्या खाचरावर किती माळ्यांची बिल्डिंग उठली, कोणाच्या गुडघ्यात काय बसवलं, हे सगळं तिथे कळतं. येताना हँडलला मासळीची पिशवी. एवढंच माझं राज्य.

तर एकदा दिवाळीच्या सुमारास नव्या बिल्डिंगपुढचं गटार कोणीतरी उघडं ठेवलं होतं, आणि मी सायकलीसकट त्यात उतरलो. घरचे म्हणतात पडलो. मी पडलो नाही, उतरलो. पडलेला माणूस ओरडतो. मी ओरडलो नाही. ओरडले ते माझ्या पिशवीतले बोंबील घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे धावणारे लोक. पण तिथल्या वॉचमनने मोबाईलवर चित्रीकरण केलं, ते फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आलं, आणि संध्याकाळी संतोषने सायकलीला साखळी घालून कुलूप ठोकलं. चावी स्वतःच्या गाडीच्या किल्ल्यांत अडकवली.

"बाबा, आता रिक्षानं जायचं," म्हणाला. "लागंल तवा मी बोलवून देतो."

मला! तांदळाची गोण मागे बांधून जासईपर्यंत पाय न टेकता गेलेल्या माणसाला! मी त्याच्याशी बोलणं सोडलं. मीठ हवं असलं तरी बायकोकडे मागायचो, आणि मीठ त्याच्याच पुढ्यात असायचं.

असा अबोला चालू असताना एका रविवारी आमचे व्याही जेवायला आले. अरविंदराव. आमच्या सुनेचे, केतकीचे वडील. बँकेतून रिटायर झालेले, नवीन पनवेलला राहतात आणि रोज सकाळी अर्धी चड्डी घालून पळतात. त्यांच्या हातात एक घड्याळ असतं, ते वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. माणूस अतिशय सरळ. इतका सरळ की आमच्या संतोषच्या हळदीला (आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते, सगळी पंचक्रोशी जेवते) मी अगत्याने विचारलं, "जेवण कसं झालं?" तर म्हणाले, "मीठ थोडं कमी होतं." नवऱ्या मुलाच्या बापाला! त्या दिवसापासून मी त्यांना थोडा घाबरून असतो.

त्यांनी जेवताना सांगितलं की नवीन पनवेलला मॅरेथॉन आहे. मोठी पळायची ते पळतील, पण हौशी लोकांसाठी एक छोटीही आहे, सोंगं घेऊन धावायची. नवीन पनवेलच्या मैदानावरून निघायचं, विचुंब्याच्या मारुतीला वळसा घालायचा आणि परत मैदानावर, फुगवलेल्या कमानीखालून. आणि मग अगदी प्रेमाने माझ्याकडे बघून म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्या वयात नुसतं चालत आलात तरी पुष्कळ."

मी घास खाली ठेवला.

"चालत?" मी म्हटलं. "मी धावनार. आनि त्या कमानीखालून गेलो तर सायकलीची चावी माझी."

संतोष हसला. हसला नसता तर मी कदाचित भात कालवून विषय सोडून दिला असता. पण हसला. मग अटी ठरल्या. सगळी वाट माझ्या स्वतःच्या पायांनी. कुठल्याही गाडीत बसायचं नाही. कमान उभी आहे तोवर पोचायचं; ती उतरवली की संपलं. नाही जमलं तर सायकल भंगारवाल्याला. आणि साक्षीला अरविंदराव बरोबर धावणार, कारण ते खोटं बोलत नाहीत हे हळदीच्या दिवशी सिद्ध झालेलंच होतं.

सोंग कुठलं, हा प्रश्नच नव्हता. आमच्या गावात शिमग्याला सोंगं निघत, आणि त्यात नामाचं अस्वल म्हणजे काय होतं ते जुन्या माणसांना विचारा. (नामा मी. आता जमिनी गेल्या, पैसे आले, म्हणून लोक नामाशेठ म्हणतात, पण तेव्हा अस्वल्या नामा म्हणत आणि ते मला जास्त आवडायचं.) गोणपाटाचं अंग, त्याला नारळाचा काथ्या शिवलेला, वरून तव्याची काजळी आणि तेल. डोकं म्हणजे बांबूची टोपली, नाक करवंटीचं. माळ्यावरून ते सगळं खाली काढलं तेव्हा उंदरांनी अस्वलाची एक मांडी खाल्लेली होती. ती नवी बसवली.

"या वयात अस्वल व्हनार?" बायको म्हणाली.

"अस्वलाचं वय कोन बगतो?"

"अस्वलाचं नाय, तुमचं बगतील." पण सुई तिनेच आणली. म्हणजे दाभण. कारण अस्वल अंगात घालत नाहीत. माणसाला अस्वलात घालून पाठीवरून सुतळीने शिवून टाकतात. मग घरी परत येईपर्यंत ते निघत नाही. आणि सोंगाचे आणखी दोन कायदे आहेत, ते पुढच्या गोंधळासाठी आत्ताच सांगून ठेवतो. एक, सोंग बोलत नाही. बोललं की ते सोंग उरत नाही, नामा उरतो. दुसरा, दारात कोणी ताट घेऊन उभं राहिलं तर तिथे नाचल्याशिवाय सोंग पुढे जात नाही. तो त्या घराचा अपमान. शिवाय अस्वलाला दोरी धरणारा एक माणूस लागतो, लोकांनी दिलेलं झोळीत घ्यायला आणि अस्वलाला वाट दाखवायला, कारण अस्वल धावायला लागलं की टोपलीच्या भोकांतून फक्त स्वतःचे अंगठे दिसतात.

दोरी मी अरविंदरावांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"मी अर्धी मॅरेथॉन धावलेला माणूस आहे," ते म्हणाले.

"मंग ही उरलेली अर्धी," मी म्हटलं, आणि बायकोने टोपली माझ्या डोक्यावर बसवली. तिथून माझं बोलणं बंद.

मैदानावर पोचलो तर सोंगांचा बाजारच. एक जण पापलेट झालेला, स्पंजचा. एक दातांचे डॉक्टर स्वतःच दात झाले होते, पांढरेशुभ्र, खाली दोन मुळं. दोन मुली कचऱ्याचे डबे झाल्या होत्या, एक ओला, एक सुका. एक तरणा पोरगा विमान झाला होता. आमच्याकडे विमानतळ आल्यापासून ज्याला त्याला विमान सुचतं. त्याचे पुठ्ठ्याचे पंख एवढे लांब की त्याच्या आजूबाजूला कोणी उभंच राहू शकत नव्हतं. पण सगळ्यांत गर्दी माझ्याभोवती. लोक फोटो काढत होते आणि अरविंदरावांना विचारत होते, "काका, हे चावतं का?" अरविंदराव म्हणाले, "अजून तरी नाही." माणूस खोटं बोलत नाही.

शिट्टी वाजली आणि मी धावलो. खरोखर धावलो! काय झालं होतं मला कोण जाणे, टाळ्या ऐकल्या की अंगातलं जुनं अस्वल जागं होतं. दाताला मागे टाकलं. ओल्या कचऱ्याला मागे टाकलं. अरविंदराव दोरीच्या टोकाला लटकून ओरडत होते, "व्याहीबुवा, सुरुवातीला जोर नको, सुरुवातीला जोर नको." मी मनात म्हटलं, शेवटाला कुठून आणू, आत्ता आहे तर आत्ता. विचुंब्याच्या मारुतीपाशी आम्ही सोंगवाल्यांत पहिले होतो. वळसा घेतला की अर्धं काम झालं. चावी मला त्या टोपलीतून स्पष्ट दिसत होती.

पण माझ्या बायकोला आपल्या नवऱ्याचा फार अभिमान. तिने गावात घरोघर सांगून ठेवलं होतं की आज अस्वल येणार.

देवळाच्या पुढे, गावठाणाची गल्ली सुरू होते तिथे, बारकीबाय उभी होती. मी पहिल्यांदा अस्वल झालो तेव्हा ती गावात नवी सून होती. आता तिचं वय तिलाच माहीत नाही. हातात ताट, ताटात दिवा, तांदूळ, नारळ.

मी थांबलो.

"काय झालं?" अरविंदराव म्हणाले. "पाय दुखतोय का?"

मी काय सांगणार? सोंग बोलत नाही. मी नाचायला लागलो. अरविंदराव दोरी ओढतायत, मी गोल फिरतोय, दोरी माझ्याभोवती गुंडाळली जातेय. बारकीबायने त्यांच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "झोली कुठंय?" त्यांच्याकडे झोळी नव्हती. म्हणून त्यांनी आपलं पळायचं महागाचं जाकीट काढलं, बाह्यांना गाठ मारली आणि नारळ त्यात घातला. तेवढ्यात बारकीबाय म्हणाली, "तुला शिमग्याला लय गरम व्हायचं रं नामा," आणि तांब्या नव्हे, अख्खी कळशी माझ्या डोक्यावर ओतली.

काथ्याला पाणी फार आवडतं. तो ते सोडत नाही. मी एका क्षणात दोन माणसांच्या वजनाचा झालो.

मी वळणार, तोच शेजारच्या दारात दुसरं ताट. त्याच्या पलीकडे तिसरं. गल्लीभर बायका ताटं घेऊन उभ्या! एका दारी नाचलो आणि दुसऱ्या दारी नाचलो नाही, तर पुढचा शिमगा मला या गावात काढता आला नसता. मी गल्लीत शिरलो. दोरीमागून अरविंदराव शिरले. आणि इथे खरी गंमत झाली. मागून येणाऱ्या सोंगवाल्यांनी बघितलं की पहिला नंबरवाला आत वळला, बरोबर दोरीवाला अधिकारी माणूस आहे, दारोदार पाणी मिळतंय, टाळ्या पडतायत. वळणावर झेंडी घेऊन उभा असलेला मुलगा माझा फोटो काढण्यात गुंतलेला. त्यांना वाटलं, रस्ता इथूनच.

पापलेट आत आलं. दोन्ही कचरे आत आले. दात आला. आणि पाठोपाठ विमान आलं आणि पहिल्या दोन घरांच्या मध्ये अडकलं. ना पुढे जाईना, ना मागे. त्याच्यामुळे गल्लीचं एकुलतं एक तोंडच बंद झालं आणि आत शिरलेली सगळी सोंगं आतच राहिली.

गावाला काय, शिमगा लवकर आला! कोणीतरी ढोल काढला. म्हाताऱ्या एकेक सोंगाला ओवाळायला लागल्या. दाताच्या पुढे एक मावशी ताट धरून विचारतेय, "ह्यो कोन?"

"दात हाय," कोणीतरी सांगितलं.

"कोनाचा?"

पापलेटाला एकीने हळद लावली. (आमच्याकडे पापलेट दिसलं की हात आपोआप हळदीकडे जातो.) कचऱ्याच्या डब्यांत नारळ पडायला लागले, ओल्यात ओले आणि सुक्यात सुके. मी नाचत होतो, माझ्या अंगातून पाणी गळत होतं, आणि मला एकच गोष्ट दिसत होती: ती कमान. आता उतरवत असतील. आता दोऱ्या सोडत असतील. पण दारं संपत नव्हती. एरवी हीच घरं मला मूठभर वाटायची!

अरविंदरावांना तोपर्यंत घरोघरी घावनं खायला घातली होती. नको म्हणायची त्यांना हिंमत नव्हती. त्यांच्या घड्याळाने शिट्टी वाजवली. त्यांनी बघितलं आणि चकित होऊन म्हणाले, "हे म्हणतंय, उत्तम चाललंय."

शेवटी विमानाचा एक पंख मोडून गल्ली मोकळी केली. (पंख बारकीबायने ठेवून घेतला. तिच्या चुलीला वारा घालायला बरा आहे म्हणे.) सगळी सोंगं परत रस्त्यावर आली आणि पळायला लागली. मीही पळालो. म्हणजे माझी तशी समजूत होती. बघणारे म्हणतात, अस्वल जागच्या जागी हलत होतं. अरविंदराव पुढे, खांद्यावर नारळांचं जाकीट, मागे मी. आता मी त्यांना ओढत नव्हतो. ते मला ओढत होते.

एवढ्यात मागून रुग्णवाहिका आली. आतून दोन मुलं उतरली, अगदी गोड बोलली, "आजोबा, बसता का आत?" मी मान हलवली. नको म्हणून. पण टोपली ओली, जड झालेली. ती हलायला लागली की थांबत नाही. त्यांना वाटलं, म्हातारा झोकांड्या खातोय. दोघांनी मला दोन्हीकडून उचललं आणि दारातून आत सरकवायला लागले. मी पाय रोवतोय, तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून नुसता गुरगुरतोय, आणि ते म्हणतायत, "श्वास लागलाय, श्वास लागलाय."

तेव्हा अरविंदराव, जे आयुष्यात कधी बँकेच्या काउंटरवरसुद्धा आवाज चढवून बोलले नसतील, ते नारळ खाली टाकून ओरडले, "हात लावू नका त्यांना! सायकलचा प्रश्न आहे!"

मुलांना काहीच कळलं नाही. पण तसंही टोपली दारातून आत जात नव्हती. त्यांनी मला खाली ठेवलं. पाय जमिनीला लागले. मी बसलो नव्हतो हे महत्त्वाचं.

मैदान आलं तेव्हा, बायकोने नंतर सांगितलं, माणसं पांगलेली, खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या. कमानीपाशी एक माणूस वाकून हवेचं बूच काढत होता. संतोष, केतकी आणि माझी बायको पलीकडे उभी. मी टोपलीतून काहीच बघू शकत नव्हतो. मला फक्त ऐकू आलं, फुस्स्स. आणि अरविंदरावांचा आवाज, "व्याहीबुवा, आता जोर! आता जोर!"

मी म्हटलं ना, जोर मी सुरुवातीलाच संपवला होता. पण कुठून तरी आला. मी डोकं खाली घातलं आणि सुटलो. अरविंदराव माझ्या वाटेतून बाजूला झाले, दोरी तेवढी हातात. वरून काहीतरी मऊ, मोठं, गार माझ्या पाठीवर आलं, आणि अंधार. आख्खी कमान अंगावर! घावनांसाठी मागे रेंगाळलेले दोघे आले आणि पापलेट तिच्यावर आपटलं. त्याच्यावर दात.

बाहेर काढलं तेव्हा वाद चालू होता. संतोषचं म्हणणं, कमान पडली तेव्हा बाबा खालीच होते, पलीकडे गेलेच नव्हते. बायको म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या अंगावर कमान पडली आणि तू मोजमाप करतोस? मी काहीच बोललो नाही. मी अजून शिवलेला होतो.

"पप्पा, तुम्ही सांगा," केतकी म्हणाली.

अरविंदराव धापा टाकत होते. हळदीला मीठ कमी आहे असं सांगणारा माणूस. त्यांनी घाम पुसला, हातातली दोरी बघितली, आणि ती जिकडे गेली होती तिकडे बोट केलं.

"मी कमानीच्या अलीकडे होतो. दोरी ताठ होती. दोरी एवढी लांब, कमान एवढी रुंद," ते म्हणाले. "अस्वल पलीकडे गेलं होतं. त्याचं ढुंगण तेवढं खाली राहिलं होतं."

संतोषने एकदा दोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हसला. पण हे हसणं निराळं होतं. त्याने किल्ल्यांतून चावी सोडवली आणि माझ्या काथ्याच्या पंजात ठेवली. "घ्या. आनि आता तरी बोला माझ्याशी," म्हणाला.

सोंग घरी पोचेपर्यंत बोलत नाही, म्हणून मी त्याला मिठी मारली. त्याचा पांढरा शर्ट अजून काळा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी गळ्यात घालून मी खाटेवरून उठलो. म्हणजे उठायचं ठरवलं. उजवा पाय उठला, डावा उठला नाही. मग डावा उठला, तेव्हा कंबर म्हणाली, मी नाही. सायकलीच्या दांडीवरून पाय टाकणं तर लांबच, मला चपलेत पाय घालायला दोन माणसं लागत होती. बायकोने माझ्या गळ्यातून चावी काढली, कुलूप उघडलं, सायकल अंगणात उन्हात लावली आणि धुतलेलं अस्वल तिच्यावर वाळत घातलं. अंग सीटवर, पंजे हँडलवर, टोपली वर. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे.

"राहू द्या तसंच," संतोष म्हणाला. "निदान हा पडत तरी नाय."

दुपारी नदीकडून जरा वारा सुटला. मी खाटेवरून बघत होतो. अस्वल हळूच एका बाजूला कललं, सायकलीसकट निघालं, आणि अंगणाच्या कडेच्या गटारात गेलं. संतोष, केतकी, बायको, तिघंही बाहेर धावली, आणि मग तिघांनीही वळून माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बगताव?" मी म्हटलं. "पडला नाय तो. उतरला."